‘डिझायर’, ‘क्रेव्हिंग’ आणि आपली तहान

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षिकेने इंग्रजी शब्दांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यासारख्या निवासी शाळेत विषयांच्या भिंती फारशा उंच नसतात. इतिहासाबरोबर नववी-दहावीच्या इंग्रजीचे काही तास माझ्याकडे असतात आणि सायंकाळच्या बुद्धवंदनेनंतर मुलींच्या वसतिगृहात होणारा धम्मवर्गही माझ्याकडेच असतो. सकाळी इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहिलेला शब्द संध्याकाळी धम्मवर्गात प्रश्न होऊन समोर उभा राहतो, हा अनुभव मला अनेकदा आला आहे. त्यांपैकी एका प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नासाठी उशिरा केलेला गृहपाठ होय.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गाला मी ‘माझे ध्येय’ या विषयावर इंग्रजीतून निबंध लिहावयास सांगितला होता. कोणी डॉक्टर, कोणी कलेक्टर, कोणी पोलीस अधिकारी, असे नेहमीचे निबंध आले. ऊसतोड कामगाराच्या घरातून आलेल्या, वर्गात पहिल्या तिघींत असणाऱ्या एका मुलीने मात्र अर्धेच पान लिहिले होते. मला कोणतीही ‘डिझायर’ नाही, कारण ‘डिझायर’ हे दुःखाचे मूळ आहे आणि मी ती सोडून दिली आहे, असा त्याचा आशय होता. मी काय केले? वाक्यात एक आर्टिकल राहिले होते, त्याखाली तांबडी रेघ ओढली, दहापैकी सहा गुण दिले आणि पुढची वही घेतली.

परीक्षेनंतर तिचे वडील दाखला नेण्यासाठी आले, तेव्हा या अर्ध्या पानाचा अर्थ मला कळला. शहरातील महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला सहज प्रवेश मिळेल एवढे गुण तिला मिळणार, याविषयी आम्हा शिक्षकांना शंका नव्हती. वडील म्हणाले, “मॅडम, पोरगी म्हणतीया, पुढं शिकायची हाव नको. आता ती धम्माचंच बोलतीया, मी काय म्हणू?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. थोडा अभिमान होता आणि खरे सांगायचे तर थोडी सुटकाही होती, कारण शहरातील खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास यांचा हिशेब त्यांनी मनात केव्हाच केला होता.

मुलीला बोलावून विचारले. कोणीतरी दिलेल्या एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेत तिने दुसऱ्या आर्यसत्याचे एका ओळीतले भाषांतर वाचले होते. ती म्हणाली, “बाई, डिझायर म्हणजे इच्छा ना? तुम्हीच शिकवलंत.” शिकवले होते खरे. मग तिने खालच्या आवाजात विचारले, “बाबासाहेबांना इच्छा नव्हती का?” या दोन प्रश्नांच्या मधोमध मी निरुत्तर उभी होते. गरिबीने जे आधीच सोडायला लावले होते, त्याला एका इंग्रजी शब्दाने धम्माचे वस्त्र चढवले होते, आणि तो शब्द माझ्या हातून तिच्याकडे गेला होता.

प्रथम मूळ शब्द पाहू. तथागतांच्या उपदेशात दुःखाच्या उगमाविषयी जो पाली शब्द येतो, तो आहे ‘तण्हा’. संस्कृतात तोच ‘तृष्णा’. या शब्दाचा पहिला, रोजच्या व्यवहारातला अर्थ इच्छा असा नसून पाण्याची तहान असा आहे. मराठी वाचकाला हे समजण्यासाठी शब्दकोश उघडण्याचीही गरज नाही. संस्कृत ‘तृष्णा’, पाली-प्राकृत ‘तण्हा’ आणि मराठी ‘तहान’ ही एकाच शब्दाची तीन वये आहेत. ‘तान्हेला’ या आपल्या जुन्या शब्दात तर पाली रूप अजून जवळजवळ तसेच ऐकू येते. आमच्या गावाकडची आजी “लई तान लागली गं” म्हणते, तेव्हा ती नकळत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शब्दाच्या शेजारी बसलेली असते. इंग्रजीतील ‘थर्स्ट’ हाही याच कुळातला. मूळ धातूचा अर्थ कोरडे पडणे असा होता, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

म्हणजे तथागतांनी उपमा घेतली ती घशाच्या कोरडीची. उपदेशात तण्हेचे तीन प्रकार येतात : इंद्रियसुखाची तहान, सतत असण्याची तहान आणि नसण्याची, नाहीसे होण्याची तहान. या तिसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘मला काहीच नको, मी नसलेलीच बरी’ ही भावनाही तण्हाच आहे, वैराग्य नव्हे, असे तेथे स्पष्ट आहे. त्या अर्ध्या पानाच्या निबंधात मला पुढे हीच तिसरी तहान दिसू लागली.

आता इंग्रजीकडे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांनी पाली ग्रंथांचे भाषांतर सुरू केले. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली आणि हे काम शिस्तीने चालू लागले. ‘तण्हा’साठी कोणी ‘थर्स्ट’ वापरला, कोणी ‘क्रेव्हिंग’, तर पुष्कळांनी सोपा म्हणून ‘डिझायर’. या सोपेपणाची किंमत मोठी होती. कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८९८ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बौद्ध विचारातील इच्छाशक्तीवर एक लेख लिहिला. निरनिराळ्या पाली शब्दांना सरसकट ‘डिझायर’ची टोपी घातल्यामुळे बौद्ध धर्म म्हणजे सर्व इच्छा मारून टाकणारा धर्म, असा गैरसमज पसरला, हे त्यांचे म्हणणे होते. लेखाला सव्वाशे वर्षे झाली, तरी गैरसमज आमच्या वसतिगृहापर्यंत पोचलाच.

‘डिझायर’ हा इंग्रजीत फार रुंद शब्द आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी ‘तारा’ या अर्थाचा लॅटिन शब्द असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. आकाशात जे दिसत नाही त्याची वाट पाहणे, असे काहीसे. आजच्या वापरात त्यात शरीराची वासनाही येते आणि शिकण्याची इच्छाही. ‘अ स्ट्राँग डिझायर टू लर्न’ हे विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रातील उत्तम वाक्य आहे. अर्जात ‘डिझायर्ड क्वालिफिकेशन’ म्हणजे अपेक्षित पात्रता. शाळा तपासणीच्या शेऱ्यात ‘लीव्हज मच टू बी डिझायर्ड’ असे आले की मुख्याध्यापकांचा चेहरा उतरतो, कारण त्याचा अर्थ ‘अजून बरेच व्हायला हवे होते’ असा आहे. यांपैकी एकाही ठिकाणी दुःखाचे मूळ शोधण्याचे कारण नाही.

‘क्रेव्हिंग’ तसा नाही. तो अरुंद, तापलेला शब्द आहे. एखादी गोष्ट मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर न राहणे, हा त्याचा गाभा. ‘शी हॅज अ डिझायर टू स्टडी’ हे वाक्य स्वाभाविक वाटते, पण त्यात ‘डिझायर’च्या जागी ‘क्रेव्हिंग’ ठेवून पाहा, इंग्रजी जाणणारा लगेच अडखळेल. क्रेव्हिंग असते ती गोडाची, सिगारेटची, स्तुतीची. नाम म्हणून वापरताना त्यापुढे ‘फॉर’ येते. क्रियापद ‘क्रेव्ह’ मात्र बहुधा कर्म थेट घेते, त्यापुढे ‘फॉर’ लावण्याची घाई करू नये. व्यसनमुक्ती केंद्रांत हा शब्द रोजचा आहे, आणि अलीकडे आमच्या माजी विद्यार्थिनींच्या स्टेटसवर पाणीपुरीच्या चित्राखालीही तोच असतो.

मराठीत या अर्थच्छटांसाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते शाळेच्या कोशांपेक्षा घरात अधिक नेमके वापरले जातात. तंबाखूची ती तलफ. पैशाची ती हाव. जमीन, दागिने, सत्ता यांचा तो हव्यास. गरोदर स्त्रीला लागतात ते डोहाळे, आणि गंमत अशी की हाही शब्द जातककथांतील पाली ‘दोहळ’ या शब्दाचा सख्खा नातेवाईक आहे. डोहाळ्यांना कोणी पाप म्हणत नाही, ते पुरवतात. तलफेची मात्र आपण काळजी करतो. त्या मुलीच्या वडिलांनी ‘हाव’ हा शब्द वापरला, तेव्हा त्यांची भाषा अचूक होती, चुकली होती ती जागा. शिकण्याला हाव म्हणत नाहीत. मग काय म्हणतात?

येथे पालीतील दुसरा शब्द येतो : ‘छंद’. हा तर आपण मराठीत जसाच्या तसा वापरतो. पालीत छंद म्हणजे एखादी गोष्ट करण्याची इच्छा, मनाचा कल, संकल्प. तो स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही, कशाशी जोडला जातो यावर सारे ठरते. कामसुखाशी जोडला गेला तर तो ‘कामच्छंद’ होतो आणि मनाच्या पाच अडथळ्यांत गणला जातो. लोभाशी जोडला गेला तर ‘छंदराग’. परंतु कुशल कर्माशी जोडला गेला की त्याचे स्थान वेगळे होते. आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे, म्हणजे योग्य प्रयत्नाचे, जे वर्णन पाली ग्रंथांत येते, त्यात पहिली पायरी आहे छंद उत्पन्न करणे. प्रयत्न आणि वीर्य त्यानंतर. सिद्धीच्या चार पायांमध्येही छंद पहिला आहे. म्हणजे इच्छेशिवाय मार्गावर पहिले पाऊलही पडत नाही.

संयुत्त निकायात याच शंकेवर एक सुंदर संवाद आहे. कोसंबीच्या घोषितारामात आनंद राहत असताना उण्णाभ नावाचा ब्राह्मण त्यांच्याकडे आला. त्याची शंका आमच्या दहावीच्या मुलीइतकीच सरळ होती. छंद सोडण्यासाठी हे धम्माचरण, आणि त्या मार्गात पुन्हा छंदच धरावयाचा, तर मग याला शेवट कोठे? छंदाने छंद जाईल कसा? आनंदांनी त्याला उलट विचारले की, येथे या उद्यानात येण्याची इच्छा तुला आधी झाली होती की नाही? झाली होती. त्यासाठी तू प्रयत्न केलास की नाही? केला. आणि येथे पोचल्यावर ती इच्छा कोठे गेली? ती शमली होती. पोचल्यावर तिचे काम संपले होते.

मला वाटते, दोन शब्दांतील फरक समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगली कसोटी नाही. पोचल्यावर काय होते, ते पाहावे. छंद मुक्कामाला पोचला की शांत होतो. तण्हा मुक्कामाला पोचली की पुढचा मुक्काम मागते. खारे पाणी प्यालेल्या माणसाची तहान जशी घोटागणिक वाढते, तशी ती. डॉक्टर होण्याची इच्छा डॉक्टर झाल्यावर कामात विरघळते. डॉक्टर झाल्यावर दुसऱ्याचे रुग्णालय आपल्यापेक्षा मोठे का, हा प्रश्न ज्याला छळतो, त्याने आपल्या इच्छेचे नाव पुन्हा तपासून पाहावे. (शिक्षकांनाही ही कसोटी लागू आहे. पुरस्कारांच्या याद्या प्रसिद्ध होतात त्या आठवड्यात विशेषतः.)

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. बाबासाहेबांना इच्छा नव्हती का?

१९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे चार प्रश्न अभ्यासकांपुढे ठेवले, त्यांत चार आर्यसत्यांचा प्रश्न आहे. रूढ मांडणी माणसाची आशाच हिरावून घेते, तिच्यामुळे बुद्धाचा धम्म निराशावादी ठरतो, ही तथागतांची मूळ शिकवण की नंतरच्या भिक्षूंची भर, असे त्यांनी निर्भीडपणे विचारले. हा प्रश्न त्यांना का पडला असावा? ज्या समाजाला शतकानुशतके आशा करण्याचीच बंदी होती, त्याच्या हाती ते हा ग्रंथ देणार होते. अशा माणसांना ‘इच्छा सोडा’ असे सांगणे म्हणजे मनूचेच काम पुढे चालवणे झाले असते.

म्हणूनच त्याच ग्रंथात धम्म म्हणजे काय हे सांगताना त्यांनी जे प्रकरण लिहिले, त्याच्या इंग्रजी शीर्षकात सोडावयाची गोष्ट म्हणून ‘क्रेव्हिंग’ हा शब्द आहे, ‘डिझायर’ नाही. पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश यांवर स्वतः परिश्रम घेतलेल्या माणसाने (ते काम पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले) हा शब्द सहज उचलला असेल, असे मला वाटत नाही. त्या छोट्याशा प्रकरणात ते संतोषाविषयी जे सांगतात, ते प्रत्येक पालकाने वाचावे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे. दरिद्री माणसे धन्य होत, असे तथागतांनी म्हटले नाही. पीडिताने आपली स्थिती बदलू नये, असेही म्हटले नाही. ज्याला सीमा नाही अशा लोभाच्या आहारी जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आणि लोभ निंद्य का, याचे उत्तर बाबासाहेब तथागतांनी आनंदाला दिलेल्या उपदेशातून देतात : लोभातून मालकी, मालकीतून राखण, आणि राखणीतून मारामाऱ्या, भांडणे, निंदा आणि असत्य. म्हणजे तण्हेचा दोष समाजात दिसतो. ज्याच्याकडे आहे आणि ज्याला आणखी हवे आहे, त्याला उद्देशून हा उपदेश प्रथम आहे. ज्या घरात कोयत्याखेरीज राखण्यासारखे काही नाही, तेथे तो उलटा लावणे ही चूक आहे.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीतील ‘क्रेव्ह’ हा शब्द जुन्या इंग्रजीत आज जसा आहे तसा नव्हता. तेव्हा त्याचा अर्थ होता हक्काने मागणे, न्याय्य मागणी करणे. डॅनिश आणि स्वीडिश भाषांतील त्याच्या भावंडांचा अर्थ आजही ‘मागणी करणे’ असाच आहे. इंग्रजीत मात्र मागणीचे हळूहळू विनवणीत आणि विनवणीचे भुकेत रूपांतर झाले. जुन्या अर्थाचा एक अवशेष आपल्या न्यायालयांत टिकून आहे. दाव्यातील कैफियत वाचली तर ‘क्रेव्हज लीव्ह’ असे शब्द दिसतात. पक्षकार न्यायालयाकडे एखादा दस्तऐवज पुढे मांडण्याची परवानगी मागतो, असा त्याचा अर्थ. तेथे कोणाला कसली तलफ आलेली नसते.

हे वाचले तेव्हा मला महाड आठवले. मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, तरी पाण्यापर्यंत जाण्याची वाट बंदच होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरमधील परिषदेत त्यांनी स्पष्ट केले की, आपण तेथे केवळ पाणी पिण्यासाठी जात नसून आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जात आहोत. त्यानंतर न्यायालयातील लढाई चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याची ही तहान होती, शब्दशः तहान. पण ती तण्हा नव्हती. क्रेव्ह या शब्दाच्या पहिल्या, हरवलेल्या अर्थाने ती मागणी होती. आणि उण्णाभाच्या कसोटीला ती उतरते : तळ्यावर पोचल्यानंतर कोणी तळ्याची मालकी मागितली नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या इच्छेविषयी काय सांगावे? १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या त्या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. १९१३ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होता. पुढे ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून दादरला ‘राजगृह’ उभे राहिले. याला डिझायर म्हणा, छंद म्हणा, ध्यास म्हणा. हव्यास मात्र कोणी म्हणणार नाही.

एवढी तयारी करून मी त्या मुलीच्या वस्तीवर गेले, तेव्हा जून उजाडला होता. तिच्या आईने पाणी दिले. मी तांब्या हातात घेऊन मुलीला विचारले, “तहान आणि तण्हा एकच शब्द आहे, माहीत आहे का?” ती हसली नाही, पण ऐकत राहिली. तण्हा, छंद, उण्णाभ, महाड, सारे सांगितले. वडील दाराशी बसून ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, “म्हणजे हाव वेगळी अन् हे वेगळं.” मी हो म्हटले. मग खर्चाचे बोलणे निघाले, कारण शब्दाचा गुंता सुटला तरी खोलीभाड्याचा सुटत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद, जातीच्या दाखल्याची प्रत, उत्पन्नाचा दाखला. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांनी पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा भार उचलला. त्यांनी नाव छापू नये असे सांगितले आहे.

प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आधल्या दिवशी ती शाळेत आली आणि तिने निबंधाची वही मागितली. ती माझ्याच कपाटात होती. माझी तांबडी रेघ तशीच ठेवून तिने फक्त पहिल्या वाक्यातील ‘डिझायर’ हा शब्द खोडला आणि वर ‘क्रेव्हिंग’ लिहिला. मग खाली एक नवे वाक्य सुरू केले, त्यात ‘डिझायर’ होता आणि त्यापुढे ‘टू स्टडी’. या वेळी आर्टिकल बरोबर होते.